तुझ्या जॉर्जला एवढ्यात ॲडमिरल करू नकोस

पत्र: काका, मी ठाण्याला इन्शुरन्स क्लेम्सचं काम करते आणि रात्री घरचे झोपले की कादंबरी लिहिते. नायक जॉर्ज, इंग्लंडमधल्या खेड्यातल्या गरीब पाद्र्याचा मुलगा, जन्म १७७८. बाराव्या वर्षी शिडाच्या जहाजावर जातो, एकोणिसाव्या वर्षी कॅप्टन होतो आणि ट्रॅफल्गारच्या लढाईत असा पराक्रम गाजवतो की सत्ताविसाव्या वर्षी त्याला ॲडमिरल करतात. माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे, तो वाचून खो खो हसला. म्हणाला असं होतच नसे, आणि गरिबाच्या पोराला तर अधिकारीसुद्धा करत नसत. खरंय का? दुसरं, मध्येच शांततेचा काळ येतो तिथे माझं गाडं अडतं, लढाई नाही तर लिहू काय? आणि तिसरं, कोकणातला एखादा मुलगा त्या आरमारात अधिकारी दाखवता येईल का? माहेर रत्नागिरीकडचं, कोकण आणल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सगळी प्रकरणं जोडलीत. – बोटवेडी, डोंबिवली

अगं बोटवेडे, सगळी प्रकरणं वाचली. वादळाचं जमलंय, अगदी मळमळायला लागलं वाचताना. पण ते शेवटचं पान, जिथे धूर विरतोय आणि एक म्हातारा ॲडमिरल पुढे येऊन जॉर्जच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो की आजपासून तू ॲडमिरल, तिथे मीसुद्धा तुझ्या मावसभावासारखाच हसलो, सॉरी. तरी त्याचं सगळंच खरं नाहीये, अर्धं चुकलंय, आणि ते चुकलेलं अर्धंच तुझ्या जास्त कामाचं आहे.

आधी ती शिडी नीट समजून घे, कारण तू एकच शिडी धरून चाललीयेस आणि तिथे मुळात दोन होत्या. कॅप्टन होईपर्यंतची वेगळी आणि कॅप्टन झाल्यावरची पार वेगळी, दोन्हींचे नियम एकमेकांच्या उलटे.

खालच्या शिडीवर चालायचा वशिला. पोरगं बारा-तेरा वर्षांचं झालं की कुठल्यातरी कॅप्टनच्या ओळखीने त्याच्या जहाजावर चढायचं, कागदावर बहुतेकदा कॅप्टनचा नोकर म्हणून. प्रत्यक्षात नोकर वगैरे काही नाही, अधिकारी व्हायला आलेला उमेदवार. ही नोकराची पद्धत १७९४ पर्यंत होती, म्हणजे तुझा जॉर्ज १७९० मध्ये गेला तर तसाच जाणार. तू त्याला भरतीच्या रांगेत उभं केलंयस, ती रांग काढून टाक, तिथे पाहिजे कुणाचा तरी मामा. ट्रॅफल्गारला फ्रेंच-स्पॅनिश ताफ्याला हरवणाऱ्या ॲडमिरल नेल्सनचंच बघ ना, तोही खेड्यातल्या पाद्र्याचाच मुलगा, आई लहानपणी गेलेली, पण मामा मॉरिस सकलिंग आरमारात कॅप्टन, म्हणून बाराव्या वर्षी पोरगं १७७१ ला थेट मामाच्या जहाजावर. पुढे हाच मामा नेव्ही बोर्डाचा, म्हणजे जहाजांची बांधणी-दुरुस्ती बघणाऱ्या खात्याचा, कंट्रोलर झाला, आता बोला.

काहींची नावं तर पोरगं जहाजावर जायच्या आधीच हजेरीपटावर लागलेली असत, म्हणजे नोकरीची वर्षं मोजायला सुरुवात. पुढे गाजलेला कॅप्टन लॉर्ड कॉक्रेन, त्याचं नाव त्याच्या काकाने तो पाच वर्षांचा असताना लावून ठेवलेलं, आणि साहेब खरेखुरे जहाजावर चढले सतराव्या वर्षी. आपल्याकडे हजेरीपटावर नाव एकाचं आणि कामावर दुसराच असे किस्से आपण चवीने सांगतो, इथे कामावर कुणीच नाही, हजर माणूस घरी बसून पाळण्यातली खेळणी मोडतोय.

मग लेफ्टनंटची परीक्षा. ही मात्र खरी परीक्षा होती हं, आणि याचं श्रेय त्या लोकांना द्यायला पाहिजे, कारण त्याच काळात इंग्लंडच्या पायदळात अधिकाऱ्याची जागा चक्क पैसे मोजून विकत घेता यायची, आरमारात ते चालत नसे. सहा वर्षं समुद्रावरची सेवा, त्यातली दोन मिडशिपमन किंवा मास्टर्स मेट (दोन्ही अधिकारी होण्याआधीच्या उमेदवारीच्या जागा) म्हणून, स्वतः लिहिलेल्या रोजनिशा, कॅप्टन लोकांची सर्टिफिकेटं हे सगळं बगलेत मारून पोरगं तीन कॅप्टनसमोर उभं राहायचं आणि ते तोंडी विचारणार. वारा असा फिरला, डावीकडे खडक, भरतीचं पाणी किनाऱ्याकडे ओढतंय, तू कमांडवर आहेस, आता बोल कुठलं शीड आधी उतरवशील. उत्तर द्यायला अडखळलास की जहाज फुटलं, जा परत सहा महिने समुद्रावर. हा सीन तुझ्या कादंबरीत नाहीच आहे आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं, कारण एका खोलीत तीन थकलेले मध्यमवयीन कॅप्टन आणि घामाघूम झालेलं एक पोर, यापेक्षा जास्त टेन्शन कुठल्या तोफेत असतं सांग.

नेल्सन ही परीक्षा एप्रिल १७७७ मध्ये पास झाला, वय साडेअठरा, कागदावर मात्र वीस पूर्ण. परीक्षा घेणाऱ्यांत मामा बसलेला. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी की मामा आधी काही बोलला नाही, भाचा पास झाल्यावर मग बाकीच्यांना म्हणाला की हा माझा भाचा बरं का. मला विचारशील तर बाकीच्या दोघांना आधीच माहीत असणार, पण गोष्ट छान आहे.

पास झालं म्हणजे नोकरी लागली असं नाही. एमपीएससी पास होऊन नियुक्तीपत्राची वाट बघत गावात फिरणारी पोरं तू पाहिली असशील, तसंच. पास झालेला मिडशिपमन जोवर एखाद्या ठराविक जहाजावर लेफ्टनंटची जागा मिळत नाही तोवर मिडशिपमनच, आणि काही जण तसेच पांढरे केस होईपर्यंत. कॉलिंगवुड, जो ट्रॅफल्गारला नेल्सनचा सेकंड होता, तो १७६१ मध्ये समुद्रावर गेला आणि लेफ्टनंट झाला १७७५ ला, चौदा वर्षं. चांगला माणूस होता, कामाला वाघ, पण नेल्सनसारखा वजनदार मामा नव्हता ना.

आता तुझ्या मावसभावाकडे येऊ. गरिबाला अधिकारी करतच नसत हे चूक. कठीण होतं, फार कठीण, पण अशक्य नव्हतं. जेम्स कुक हा शेतावर मजुरी करणाऱ्याचा मुलगा, १७५५ मध्ये साधा खलाशी म्हणून आरमारात आला, दोन वर्षांत मास्टर झाला, म्हणजे जहाज चालवण्याची आणि मार्ग काढण्याची जबाबदारी त्याची, पण लेफ्टनंट व्हायला १७६८ उजाडलं, तोपर्यंत वय एकोणचाळीस. पुढे कॅप्टन झाला १७७५ ला. म्हणजे तुझा जॉर्ज गरीब ठेवायचा असेल तर ठेव, फक्त मग एकोणिसाव्या वर्षी कॅप्टन विसर. आणि एकोणिसाव्या वर्षी कॅप्टन हवाच असेल तर त्याला मामा दे. ॲडमिरल रॉडनीने स्वतःच्या मुलाला १७८० मध्ये कॅप्टन केलं तेव्हा ते पोर पंधरा वर्षांचं होतं, पंधरा! दहावीचं वय गं.

मामा नसेल तर निदान पत्र लिहिणारं कुणीतरी पाहिजे. फ्रान्सिस ऑस्टिन म्हणून एक अधिकारी होता, आडनाव ओळखीचं वाटेल, बहीण जेन कादंबऱ्या लिहायची. त्यांचे वडीलही पाद्री, जहाजांशी संबंध नाही, पण सोयरिकीतून ॲडमिरल्टीतल्या, म्हणजे आरमार चालवणाऱ्या लंडनच्या कचेरीतल्या, गॅम्बियरपर्यंत धागा पोचत होता, तर वडिलांनी त्याला पत्र टाकलं की पोराचं बघा जरा. १७९८ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सिस कमांडर झाला आणि घरात आनंदीआनंद. हे तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे कारण तुझ्या कादंबरीत एकही बाई नाहीये, आई पहिल्या पानावर मरते आणि संपलं. या सगळ्या करिअरचा अर्धा कारभार घरी बसलेल्या बायका आणि म्हातारे पत्रांतून चालवत होते, कुणाच्या जावयाची कुणाशी ओळख, कुणाला कधी आठवण करायची, किती लाचार व्हायचं आणि किती नाही. तू क्लेम्समध्ये काम करतेस, पाठपुराव्याचं पत्र कसं लिहायचं हे तुला कुणी शिकवायला नको.

बरं, कॅप्टन. आरमारात खरा उंबरठा हा. लेफ्टनंट, मग कमांडर, मग पोस्ट कॅप्टन, आणि एकदा पोस्ट कॅप्टन झालास की तुझं नाव गेलं सेवाज्येष्ठता यादीत, आणि तिथून पुढे वशिला संपला, शौर्य संपलं, सगळं संपलं. तुझ्यावरचे मेले किंवा बाजूला झाले की तू वर सरकणार. कुणी तुला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही, तू कुणाला ओलांडू शकत नाहीस, राजाचा जावई असलास तरी. ॲडमिरल्टीला एखादा तरुण हुशार कॅप्टन ॲडमिरल म्हणून हवा असेल तर त्याच्या वरच्या सगळ्यांना आधी ॲडमिरल करावं लागे, आणि मग त्यातल्या नकोशा म्हाताऱ्यांना हुद्दा द्यायचा पण ताफा द्यायचा नाही अशी सोय काढलेली, त्यांना लोक पिवळे ॲडमिरल म्हणायचे, कारण खरे ताफे निळा, पांढरा आणि लाल एवढेच, पिवळा ताफा अस्तित्वातच नाही.

त्यामुळे पराक्रम केला म्हणून ॲडमिरल, हे शक्यच नाही. नेल्सन सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत १४ फेब्रुवारी १७९७ ला स्वतः उडी मारून दोन स्पॅनिश जहाजं घेतो, आणि त्याचं रिअर ॲडमिरलचं, म्हणजे ॲडमिरलच्या पहिल्या पायरीचं, प्रमोशन २० फेब्रुवारीचं, लोकांना वाटतं वा, लगेच बक्षीस मिळालं. छे. लढाईची बातमी लंडनला पोचायच्या आधीच ते झालेलं होतं, निव्वळ यादीत त्याचा नंबर लागला म्हणून. कॅप्टन झाला होता १७७९ ला, विसाव्या वर्षी, म्हणजे अठरा वर्षं थांबला तेव्हा अडतीसाव्या वर्षी ॲडमिरल. लढाईचं बक्षीस म्हणून त्याला मिळाला किताब, तो वेगळा. आणि नेल्सन तरुण वयात ॲडमिरल झाला याचं कारण ट्रॅफल्गार नाही, नाईलची लढाई नाही, कारण मामाच्या वशिल्याने सुरुवात लवकर झाली आणि विसाव्या वर्षीच तो कॅप्टनच्या उंबरठ्याआत पोचला. फ्रान्सिस ऑस्टिन कॅप्टन झाला १८०० ला आणि रिअर ॲडमिरल १८३० ला. तीस वर्षं. मग मात्र गडी जगला, १८६३ मध्ये ॲडमिरल ऑफ द फ्लीट, सगळ्यात वरची पायरी, वय एकोणनव्वद. आणि प्रोव्हो वॉलिस, ज्याने १८१३ मध्ये शॅनन जहाजाचा कॅप्टन जखमी आणि पहिला लेफ्टनंट ठार झाल्यावर जहाज हॅलिफॅक्सला आणलं, तो १८९२ मध्ये शंभर वर्षांचा होऊन वारला तेव्हासुद्धा आरमाराच्या सक्रिय यादीत होता. फ्रेंच युद्धांत ज्यांनी जहाजाची कमांड केली त्यांना कधीच निवृत्त करायचं नाही असा नियम पुढे निघाला, आणि वॉलिसची ती थोड्या दिवसांची कमांड त्यात बसली. तोपर्यंत शिडं जाऊन लोखंडी जहाजं आणि वाफेची इंजिनं आलेली, आणि यादीच्या टोकाला हे आजोबा. कुणाची छाती आहे लिहायची असं कल्पनेतून.

म्हणून लेफ्टनंट लोक जेवणाच्या टेबलावर जो टोस्ट करायचे तो तू नक्की वापर: रक्तपात होणारं युद्ध येवो नाहीतर रोगराईचा हंगाम येवो. हसत हसत म्हणायचे. वेस्ट इंडिजला पिवळा ताप आला की जागा रिकाम्या व्हायच्या, तिथल्या सरसेनापतीने त्या जागेवरच भरायच्या, म्हणजे जो जगला त्याचं प्रमोशन. जॉर्जला त्या टेबलावर बसव आणि त्याच्याकडून तो ग्लास उचलून घे, आणि मग त्याचा सगळ्यात जवळचा मित्र तापाने जाऊ दे. जागा मित्राचीच मिळू दे.

आता ट्रॅफल्गार. तुला तिथला हिरो हवाय, तर मी तुला जॉन पॅस्को देतो, खराखुरा माणूस, घे.

पॅस्को हा नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजावरचा सेवेने सगळ्यात ज्येष्ठ लेफ्टनंट. पण नेल्सनने त्याला सिग्नलचं काम दिलं आणि पहिल्या लेफ्टनंटची जागा दिली क्विलियमला, जो यादीत खाली. आता मोठी लढाई जिंकली की पहिल्या लेफ्टनंटचं प्रमोशन ठरलेलं, सिग्नलवाल्याचं नाही, हे जहाजावरच्या झाडूवाल्यालाही माहीत. पॅस्को आतून जळत होता. २१ ऑक्टोबर १८०५, सकाळ, शत्रू समोर दिसतोय, हळू वारा, जहाजं चालण्याच्या वेगाने पुढे सरकतायत. पॅस्कोला काहीतरी रिपोर्ट द्यायला नेल्सनच्या केबिनमध्ये जायचं होतं आणि त्याने ठरवलं की आज सांगायचंच, साहेब माझ्यावर अन्याय होतोय. आत गेला तर नेल्सन गुडघ्यावर बसून लिहितोय. प्रार्थना लिहीत होता. पॅस्को गप्प उभा राहिला, नेल्सन उठल्यावर रिपोर्ट दिला, आणि स्वतःचं गाऱ्हाणं तसंच गिळून बाहेर आला, नंतर त्यानेच सांगितलंय की अशा वेळी त्यांच्या डोक्याला माझं रडगाणं लावायचं मला जमलं नाही.

थोड्या वेळाने तोच पॅस्को नेल्सनचा सुप्रसिद्ध संदेश झेंड्यांवर चढवतोय. नेल्सनला म्हणायचं होतं की प्रत्येकजण आपलं कर्तव्य करील अशी इंग्लंडला खात्री आहे, पॅस्को म्हणाला की साहेब, त्याऐवजी इंग्लंडची अपेक्षा आहे असं म्हणू या, तो शब्द सिग्नलच्या पुस्तकात आहे, तुमचा शब्द एकेक अक्षर लावून चढवावा लागेल, वेळ जाईल. नेल्सन म्हणाला चालेल, कर. म्हणजे जगभर पाठ असलेल्या त्या वाक्यातला मुख्य शब्द या गाऱ्हाणं गिळलेल्या माणसाने निवडलेला. लढाईत तो जखमी झाला. डिसेंबरमध्ये प्रमोशनं निघाली, क्विलियम मधली कमांडरची पायरी गाळून सरळ कॅप्टन, पॅस्को कमांडर. कॅप्टन व्हायला त्याला १८११ उजाडलं.

पण थांब, गोष्ट संपली नाही. क्विलियम यादीत सहा वर्षं पुढे, तो १८२९ मध्ये वारला, कॅप्टन म्हणूनच. पॅस्को जगला. १८४० च्या दशकात त्याच व्हिक्टरीचा, आता बंदरात उभ्या म्हाताऱ्या व्हिक्टरीचा, कॅप्टन म्हणून बसला आणि १८४७ मध्ये रिअर ॲडमिरल झाला. तुझा जॉर्ज पॅस्कोच्याच तारखांनी चालव, ट्रॅफल्गारला सत्तावीस वर्षांचा लेफ्टनंट, मग कमांडर, १८११ ला कॅप्टन, तर ॲडमिरल होईल एकोणसत्तराव्या वर्षी. मला तरी तो जॉर्ज तुझ्या आत्ताच्या जॉर्जपेक्षा शंभरपट वाचावासा वाटतो.

पैशाचं थोडक्यात, कारण तू त्याला पगारावर श्रीमंत दाखवलंयस. पगारावर कुणी श्रीमंत होत नसे, पैसा पकडलेल्या जहाजांत. १७९९ मध्ये खजिना भरलेली दोन स्पॅनिश जहाजं इंग्रजांच्या चार फ्रिगेटांनी, म्हणजे वेगवान मध्यम युद्धनौकांनी, पकडली, तर प्रत्येक कॅप्टनला मिळाले ४०,७३० पौंड आणि साध्या खलाशाला १८२, आणि ते १८२ सुद्धा त्याच्या दहाएक वर्षांच्या पगाराएवढे. पण ही लॉटरी. बहुतेकांच्या नशिबी सालोसाल फ्रेंच बंदराबाहेर घिरट्या घालणं, आत जहाजं आहेत, बाहेर येत नाहीत, तुम्ही जाऊ शकत नाही. कॉलिंगवुड १८०३ ला घरून निघाला तो परत गेलाच नाही, १८१० मध्ये घरी जायला निघाल्यावर समुद्रातच वारला. पूर्वी घरी असताना खिशात ओकच्या बिया भरून फिरायला जायचा आणि दिसेल त्या चांगल्या जमिनीत टाकायचा, पुढच्या जहाजांना लाकूड हवं म्हणून. मुली मोठ्या झालेल्या त्याने पत्रांतूनच पाहिल्या. यावर मी जास्त लिहीत नाही, तू लिही.

आता तुझा दुसरा प्रश्न, शांततेत काय लिहू. अगं, इथेच तर खरी मारामारी. जहाज सेवेतून काढलं की अधिकाऱ्याची नेमणूक संपली, घरी जा, अर्धा पगार घ्या, बोलावलं की या. नेल्सन १७८७ च्या अखेरीला वेस्ट इंडिजहून परतल्यावर असा पाच वर्षं वडिलांच्या घरी नॉरफकमध्ये बसून होता, बायको नेव्हिस बेटावरची, उन्हाची सवय असलेली, ती त्या थंडीत आजारी, हा बागेत खड्डे खणतोय आणि ॲडमिरल्टीला पत्रांवर पत्रं, शेवटी १७९२ मध्ये लिहिलंन की शिंपल्या गोळा करायची होडी दिलीत तरी उपकार होतील. जानेवारी १७९३ ला ६४ तोफांचं ॲगमेम्नॉन मिळालं, कारण फ्रान्सशी युद्ध पेटतच आलेलं. म्हणजे जगाच्या दृष्टीने अनर्थ आणि या घरात सुटकेचा निःश्वास. १८०२ ची शांतता तर वर्षभरच टिकली, तिथे तुला एक प्रकरण पुरे. पण १८१५ नंतरचा काळ भयंकर. युद्ध ऐन भरात असताना आरमारात सुमारे १,४०,००० माणसं होती, १८१७ ला उरली १९,०००. खलाशांना घरी पाठवता येतं, अधिकाऱ्यांना काढता येत नाही, ते यादीवर राहतात, दहातले जवळपास नऊ अर्ध्या पगारावर. लंडनला ॲडमिरल्टीची वेटिंग रूम म्हणजे या लोकांचा अड्डा, सकाळी ठेवणीतला कोट घालून यायचं, चिठ्ठी आत पाठवायची आणि बसायचं, आत कुणीतरी बोलावेल म्हणून. शेजारी बसलेला जुना ओळखीचा, दोघंही एकमेकांच्या कोटाच्या बाह्या किती झिजल्यात ते बघतायत. जॉर्जला इथे बसव आणि त्याच्या शेजारी त्या मित्राचा भाऊ बसव ज्याची जागा जॉर्जला मिळाली होती. लढाई पाहिजे म्हणत होतीस ना?

आणि सगळेच शहाण्यासारखे वाट बघत बसले नाहीत. कॉक्रेनने १८०१ मध्ये १४ तोफांच्या स्पीडीने ३२ तोफांचं स्पॅनिश गामो पकडलं, वेड्यासारखी गोष्ट, ५४ माणसं विरुद्ध ३१९, पण प्रमोशन वेळेत येईना म्हणून आणि आपल्या लेफ्टनंटलाही मिळालं पाहिजे म्हणून वरिष्ठांशी इतका भांडला की सगळ्यांच्या डोळ्यांत खुपला. १८१४ मध्ये शेअर बाजाराच्या घोटाळ्यात अडकून आरमारातून बडतर्फ, मग चिली, ब्राझील, ग्रीस यांची आरमारं सांभाळली, आणि १८३२ मध्ये त्याला परत घेतलं. पॅस्को गप्प राहिला, हा ओरडत राहिला. तुझ्या जॉर्जचा स्वभाव यांच्यामध्ये नेमका कुठे बसतो ते एकदा ठरव, कारण सध्या तो नुसताच देखणा आहे.

राहिलं कोकण. कोकणातला मुलगा इंग्लंडच्या राजाच्या आरमारात अधिकारी दाखवू नकोस, ते होत नव्हतं. खलाशी म्हणून हिंदी माणसं त्यांच्या जहाजांवर असत, पूर्वेकडे माणसं कमी पडली की घेत, पण अधिकारी नाही. तुला अधिकारीच हवा असेल तर त्याला आपल्या मराठ्यांच्या आरमारात घाल, विजयदुर्गला पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या हाताखाली. १७८३ मध्ये त्यांच्या गलबतांनी मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनीचं रेंजर जहाज पकडलं होतं, तिथे तुझ्या रत्नागिरीच्या पोराला भरपूर काम आहे, ती दुसरी कादंबरी होईल, आणि खरं सांगू, ती मला आधी वाचायला आवडेल. नेल्सन स्वतः इकडे येऊन गेलाय हे तुला माहीत आहे का, १७७५ मध्ये सोळाव्या वर्षी सीहॉर्स नावाच्या जहाजावर कंपनीचा पैसा घेऊन मुंबईच्या वाटेवर होता, हैदर अलीच्या दोन गलबतांशी चकमक झाली, आणि पुढे मलेरियाने इतका खंगला की १७७६ मध्ये त्याला मायदेशी परत पाठवलं. पण तुझा जॉर्ज तेव्हा जन्मलेलाच नाही.

मग जॉर्जच्या काळात काय, तर मुंबई डॉकयार्ड. वाडियांनी इथे सागवानाची जहाजं बांधली, १८१० चं मिंडेन राजाच्या आरमारासाठी, आणि १८१७ मध्ये ट्रिंकोमाली, जिच्या कण्यात जमशेटजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला. आता ऐक. ही ट्रिंकोमाली मुंबईहून निघून १८१९ च्या एप्रिलमध्ये पोर्ट्समथला पोचली, कोरी करकरीत, आणि तिला काहीच काम नव्हतं, डोलकाठ्या उतरवून तिला बाजूला बांधून ठेवलं ती १८४५ पर्यंत. अर्ध्या पगारावरचा कॅप्टन जॉर्ज आणि अर्ध्या पगारावरचं मुंबईचं जहाज, एकाच बंदरात. तिला मुंबईहून घेऊन येणाऱ्यांत तुझा कोकणातला तांडेल बसव, ते तुझ्या कल्पनेवर, तेवढी सूट लेखकाला असते, आणि परतीची बोट मिळेपर्यंत तो आणि जॉर्ज समोरासमोर येऊ देत. एकाला इंग्रजी तोडकंमोडकं येतंय, दुसऱ्याला हिंदुस्तानी अजिबात नाही, आणि दोघांनाही वारा कळतो. जहाज अजून आहे बरं का, हार्टलपूलला, जाऊन बघता येतं, डोंबिवलीहून थोडं लांब पडेल एवढंच.

जाता जाता, प्रकरण नऊमध्ये १७९६ साली लेफ्टनंट जॉर्जच्या दोन्ही खांद्यांवर सोनेरी झालरी लावल्यास त्या काढ. लेफ्टनंटला १८१२ पर्यंत झालर नव्हतीच, कमांडरला एक, डाव्या खांद्यावर, नव्या कॅप्टनला एक, उजव्या खांद्यावर, आणि तीन वर्षं कॅप्टन राहिला की मग दोन. तुझ्या नव्या हिशोबाने जॉर्जला दुसरी झालर १८१२ च्या आधी मिळत नाही, आणि त्या वर्षी नियमच बदलले, तेव्हा शिंप्याचा सीन लिहिताना तेवढं बघून घे.